देवापुढचा राजीनामा

९ जानेवारी, शुक्रवार

बीपी १५०/९०.

डॉक्टरांनी रोजचा आकडा लिहून ठेवायला सांगितलाय, म्हणून जिन्याखालचा एक गठ्ठा फोडून ही डायरी काढली. दरवर्षी आमच्या ह्यांच्या, म्हणजे मंत्रिसाहेबांच्या, फोटोच्या हजारभर डायऱ्या छापतात आणि जिल्हाभर वाटतात. यंदा छापल्या, पण वाटल्या नाहीत. मुखपृष्ठावर ह्यांच्या मागं हात जोडून उभे असलेल्या सात पुढाऱ्यांपैकी चौघं, डायऱ्या बांधायला गेल्या त्याच आठवड्यात, पक्षातल्या दुसऱ्या गटात गेले. शिवकुमार म्हणाला, "दोड्डव्वा, ह्या वाटल्या तर आपलंच हसं हुईल." शिवकुमार माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, म्हणून मी त्याची दोड्डव्वा, थोरली मावशी. अकरा वर्षं ह्यांचं ऑफिस तोच बघतो. तर आता जिन्याखाली डायऱ्यांचे पंधरा गठ्ठे आहेत. बीपी लिहायला सात जन्म पुरतील.

आकड्याखाली पान रिकामं राहतं, ते बघवत नाही. म्हणून थोडं लिहीन म्हणते.

आज दुपारी जेवून पडले. डोळा लागला की मी हमखास मळ्यात असते. गडहिंग्लजच्या पुढं आमचा मळा आहे, त्यात एक खोली. लग्नानंतर सहा वर्षं हे गडहिंग्लजला हायस्कूलवर मास्तर होते. रविवारी दुपारी आम्ही दोघं त्या खोलीत झोपायचो. खिडकीतून उसाचा सळसळ आवाज यायचा, हे तोंडावर पेपर टाकून घोरायचे, पेपर वरखाली व्हायचा. मग निवडणूक आली आणि दुपार गेली ती गेलीच. लग्नाला अडतीस वर्षं झाली. त्यातल्या बत्तीस वर्षांत हे दुपारचे घरात झोपलेले मला आठवत नाहीत. मुंबईत झोपत असतील.

साठीच्या बाईनं असं लिहावं का? पण डायरी कोण वाचतंय.

१३ जानेवारी, मंगळवार

बीपी १६०/९५, पण आनंदानं.

कोल्हापूरचं पालकमंत्रिपद अमरसिंहांना दिलं. हे अमरसिंह चार महिन्यांपूर्वी समोरच्या पक्षातून आमदार घेऊन आमच्यात आले. आमचे हे पाच वेळा निवडून आलेले, मंत्रिमंडळातले सगळ्यांत जुने. आणि सव्वीस जानेवारीला कोल्हापुरात झेंडा फडकवणार अमरसिंह! सकाळी बातमी आली तेव्हा हे दाढी करत होते. अर्ध्या दाढीनंच फोनवर ओरडले, "मग घ्या की राजीनामा माझा! बसलिंगाप्पा हेब्बाळेला खुर्चीची हौस न्हाई!"

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. ती फुगायची राहिली, तव्यावरच करपली. मला वाटलं, आपण ऐकलं ते खरं का स्वप्नातलं?

ह्यांना सोडायचंच आहे, हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे. मागं दोनदा राजीनामा खिशात घालून मुंबईला गेले होते. पण त्या लोकांनी जाऊ दिलं नाही. एकदा तर उलट आणखी मोठं खातं गळ्यात मारलं. किती वाईट वाटलं असेल ह्यांना, पण बोलून दाखवलं नाही.

शालूबाई भांडी घासत होती. ती उचगावहून येते, तोंडाची फटकळ. म्हणाली, "वैनी, साहेब काय सोडत न्हाईत बगा. आमचं मालक बी दर सोमवारी दारू सोडत्यात की."

मी तिला काही बोलले नाही. तिचं आणि नवऱ्याचं जमत नाही, त्याला आपण काय करणार.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. दरवर्षी गेटपासून रांग असते, यंदा दुपारपर्यंत पन्नास-साठ माणसंच आली. मांडलेल्या खुर्च्या तशाच राहिल्या, तिळगुळाचे चार डबे उरले. ह्यांच्या मनाची अवस्था ओळखून लोकांनी त्रास दिला नाही, असं मी म्हटलं. हे माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "महादेवी, तू लई भाग्यवान हायस बघ."

खरंच आहे ते.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज पत्र लिहिलं. ह्यांनी स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं, पाच ओळी. मग मला हाक मारली. "हे देवापुढं ठेव. वीरभद्राच्या पायाशी." मी उघडून वाचलं. मंत्रिपदाचा राजीनामा देत आहे, स्वीकार व्हावा. खाली सही. तारखेची जागा मात्र कोरी. हे चष्मा विसरतात, औषध विसरतात, तशी तारीखही विसरले.

अकरा वाजता टीव्हीवाले आले. ह्यांनी त्यांना देवघरापर्यंत नेलं. आमचा वीरभद्राचा चांदीचा टाक सासऱ्यांनी हुपरीहून घडवून आणलेला, त्याच्यापुढं तो पांढरा लिफाफा काय शोभून दिसत होता! हे म्हणाले, "माझा राजीनामा मी कुलदैवतापुढं ठेवलेला हाय. आमच्या घरात देवाला कौल लावल्याबिगर पाऊल टाकत न्हाईत. कौल मिळाला की एक क्षण थांबणार न्हाई."

एका मुलीनं विचारलं, "साहेब, कौल कधी लावणार?" हे हसून म्हणाले, "ते देवाच्या हातात."

मला भरून आलं. बाहेर राजकारणात हे काहीही बोलत असतील, पण देवाच्या नावानं खोटं बोलणारा माणूस नाही हा. आता ठरलं म्हणजे ठरलं.

१७ जानेवारी, शनिवार

बीपी १३०/८४. डॉक्टरांना सांगायला पाहिजे, हे औषध लागू पडतंय.

गादी भरायला टाकली. दोघांची, मोठी, कापसाची. मळ्यातल्या खोलीचं माप माझ्या ध्यानात आहे, पलंग खिडकीशी लावला की पायाकडं एक स्टूल बसतं. स्टुलावर पाण्याचा तांब्या. उशा दोनच. गादीवाला म्हणाला, "वैनीसाहेब, पाहुण्यांसाठी का?" मी म्हटलं, "होय, एक पाहुणे कायमचे येणार आहेत."

येताना गाडीत बसल्या बसल्या सगळं डोळ्यांपुढं आलं. जानेवारीतलं ऊन, गुऱ्हाळाच्या काकवीचा वास, आणि हे बनियनवर बांधावरून येतायत. मागं कुणी नाही. फोन नाही, फाईल नाही, पोलीस नाही. ताराबाई पार्कातलं घर कधी आलं कळलं नाही, ड्रायव्हरला दोनदा हाक मारावी लागली.

शालूबाईनं गादीचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

१८ जानेवारी, रविवार

हे मुंबईला गेले. वरिष्ठांनी बोलावलंय, समजूत घालायला. मला धडकी भरली. ह्या वेळीही त्यांना अडवलं तर? मागं एकदा घातलं तसं आणखी एखादं खातं गळ्यात घातलं तर?

गाडीत बसताना मी खिडकीशी जाऊन विचारलं, "अहो, कौल कधी लावू?" हे फोनवर बोलत होते. माझ्याकडं बघून हात वर केला. काच वर गेली.

हात वर केला म्हणजे लाव असंच ना? दिवसभर विचार केला. नको असतं तर मान हलवली असती. सोमवार वीरभद्राचा वार. उद्याच लावते.

शिवकुमारला फोन करून सांगितलं. पलीकडं त्यानं दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "दोड्डव्वा, तू म्हणतीस तर मी येतो की. साहेबांच्या तब्येतीलाबी आता आराम पायजेच." माझ्या मनातलं बोलला पोरगा. ह्या घरात मला समजून घेणारा तो एकच.

१९ जानेवारी, सोमवार

सविस्तर लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

कौल लावायचा म्हणजे टाकाच्या दोन्ही बाजूंना फुलाची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची आणि देवाला प्रश्न विचारून हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडं लग्नं, विहिरी, घराचे पाये, सगळं असंच ठरत आलंय. लावायचा तो घरच्या सुनेनं.

न्हाऊन ओल्या केसांनी बसले. पांढऱ्या शेवंतीच्या दोन पाकळ्या लावल्या. विचारलं, "देवा, ह्यांना मोकळं करू का?" मिनिटभरात डावी पडली.

पण पंखा चालू होता. तो कौल धरायचा नसतो. पंखा बंद केला.

दुसऱ्यांदा कितीतरी वेळ कुठलीच पडेना. मी डोळे मिटले. मिटल्यावर तो मळा, ती खिडकी. डोळे उघडले तर डावी पाकळी घसरायला लागलेली. ती पडली नव्हती अजून. मी बोटानं नीट केली, म्हणजे दोन्ही काढून नीट लावल्या. तिसऱ्यांदा उजव्या पाकळीला पाणी थोडं कमी लागलं असेल. मुद्दाम नाही. ती टपकन पडली, आणि मी नमस्कार केला.

पहिल्या निवडणुकीच्या वेळीही कौल मीच लावला होता. हे तेव्हा उभं राहायला तयार नव्हते. "मला शाळाच बरी," म्हणत होते. सासरे म्हणाले, देवाला विचारू. दोनदा डावी पडली, तिसऱ्यांदा उजवी. मी बाहेर येऊन सांगितलं, पहिल्या झटक्यात उजवी. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, मास्तरांची बायको म्हणून त्या गावात जीव गुदमरत होता. मला मोठं शहर बघायचं होतं, ह्यांच्या गळ्यात हार बघायचे होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्या पानाला सांगितलं. देवाला ठाऊक असणार, पण त्यानं बत्तीस वर्षं काही म्हटलेलं नाही.

शिवकुमार चपला काढून देवघराच्या दारात उभा होता. पडलेल्या पाकळीचा त्यानं लगेच फोटो काढला. मग लिफाफा उघडून म्हणाला, "दोड्डव्वा, तारीख ऱ्हायलीया बघ. तुझ्या हातानं घाल, सवाशिणीचा हात चांगला."

मी घातली. ह्यांच्या वळणाचं अक्षर मला येतं. हे मास्तर असताना पेपरांच्या मार्कांची बेरीज मीच मांडायचे.

दुपारच्या विमानानं तो पत्र घेऊन गेला. तिकीट आधीच काढून ठेवलेलं होतं. किती काळजी घेतो पोरगा.

२० जानेवारी, मंगळवार

राजीनामा मंजूर झाला. पत्र पोचल्यावर चाळीस मिनिटांत, असं टीव्हीवर सांगत होते. एवढ्या तातडीनं कुणाचा मंजूर होत नाही म्हणे. शब्दाला मान दिला लोकांनी.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. "महादेवी, कौल लावलीस?"

"होय. उजवा पडला."

पलीकडं मुंबईच्या गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. मग म्हणाले, "बरं. बरं झालं."

नंतर टीव्हीवर दिसले. पत्रकार विचारत होते, साहेब, बोलणी चालू असताना पत्र कसं गेलं? ह्यांनी पाणी प्यायलं. म्हणाले, "मी देवापुढं शब्द दिलेला. कौल मिळाला, मी मोकळा झालो." डोळ्यांत पाणी होतं. सगळ्या वाहिन्या तेच दाखवत होत्या. खाली पट्टीवर पाकळीचा फोटोही आला, आमच्या देवघरातला.

शालूबाई टीव्हीपुढं झाडू घेऊन उभी राहिली होती. म्हणाली, "वैनी, साहेबास्नी कुणी इचारलं का, की तुमाला खरंच जायाचं हाय का म्हणून?"

मला राग आला. तिला म्हटलं, आधी केर काढ.

२२ जानेवारी, गुरुवार

हे काल आले. पोलिसांची चौकी गेटवरून हलवली, सरकारी गाडी गेली. घर एवढं शांत आहे की कोपऱ्यावरच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते. ह्यांनी जेवून विचारलं, "आता काय करायचं असतंय?" मला हसू आलं. म्हटलं, "झोपायचं." हे ऑफिसच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले. टेबलावरचे दोन्ही फोन पुसून ठेवले. वाजला एकही नाही.

सवय व्हायला वेळ लागेल. बत्तीस वर्षांची सवय आहे.

२६ जानेवारी, सोमवार

टीव्हीवर झेंडावंदन दाखवलं. अमरसिंहांच्या मागं, डाव्या बाजूला, शिवकुमार उभा होता. पांढरं जाकीट, गुलाबी फेटा. कसा उठून दिसत होता! मी ह्यांना हाक मारली, "अहो बघा, आपला शिवा!" हे आले, उभे राहून बघितलं. राष्ट्रगीत संपेपर्यंत थांबले आणि मग टीव्ही बंद केला.

आकडा आज का चढला ते कळलं नाही. बीपी १५५/९५.

१ फेब्रुवारी, रविवार

शिवकुमार पक्षाचा जिल्हाध्यक्ष झाला. चौकात फ्लेक्स लागलाय, अमरसिंहांचा मोठा फोटो, शेजारी शिवाचा. ह्यांचा फोटो वरच्या कोपऱ्यात आहे, टिकलीएवढा. देव असतात तिथं, वरती.

पेढे घेऊन आला, दोघांच्या पाया पडला. ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात काढताना सहज विचारलं, "कितव्या तारखेला ठरलं हुतं रे हे?"

"काय, साहेब?"

"न्हाई. तिळगुळाच्या आधी का नंतर, एवढंच."

शिवकुमार हसला, पण चेहरा पडला त्याचा. मला काही कळेना. मी पेढ्याचा बॉक्स उघडला. मग तो म्हणाला, जिन्याखालच्या डायऱ्या नेतो, वरचं मुखपृष्ठ बदलून वाटून टाकू. "आतली पानं कोरीच हायत की, दोड्डव्वा." माणसं बोलावून चौदा गठ्ठे नेले. पंधरावा मी दिला नाही. का नाही दिला, सांगता येत नाही.

तो गेल्यावर हे पायरीवर बसले. मी शेजारी बसले. विचारावंसं वाटलं, अहो, तुम्हाला जायचं नव्हतं का? शब्द ओठापर्यंत आले. पण उत्तर "नव्हतं" आलं असतं तर मी काय केलं असतं? त्यापेक्षा म्हटलं, गादी भरून आलीय. मळ्यात जाऊया का?

"चल," म्हणाले.

५ फेब्रुवारी, गुरुवार. मळा.

आलो. खोली झाडून घेतली, पलंग खिडकीशी लावला. स्टूल बरोबर बसलं. ऊस अजून उभा आहे, तोड पुढच्या आठवड्यात. वारा आला की तोच आवाज. बांधावरून हे बनियनवर आले, अगदी तसेच. मागं कुणी नव्हतं. मी मनात जसं मांडलं होतं तसं सगळं होतं, एवढं की मला थोडी भीती वाटली.

दुपारी जेवून आम्ही पडलो. नवी गादी, कापूस अजून दबलेला नाही, दोघंही उंचावर. ह्यांनी तोंडावर पेपर घेतला. मी वाट बघत होते तो वरखाली व्हायची. झाला नाही. जागेच होते.

पेपराखालूनच म्हणाले, "कौल कुठल्या बाजूचा पडला हुता?"

"उजव्या."

"ते म्हायती हाय. कितव्यांदा?"

बाहेर पाणी पाजणारा कुणीतरी लांबून कन्नडमध्ये हाका मारत होता. मी डोळे मिटून घेतले, झोपल्यासारखं केलं. पण अडतीस वर्षं संसार केलेल्या माणसापुढं सोंग किती वेळ चालणार?

"तिसऱ्यांदा," म्हटलं.

ह्यांनी पेपर बाजूला केला. मला वाटलं आता ओरडतील, अर्ध्या दाढीनं ओरडले होते तसे. पण आवाज मास्तर असतानाचा होता. "पहिल्या निवडणुकीलाबी तिसऱ्यांदाच. मी देवघराच्या दाराआड हुतो."

मी विचारलं, "तुम्ही बघितलं होतं? मग उभे का राहिलात?"

"तुला गाव सोडायचं हुतं की."

एवढंच बोलले. मग कूस बदलून माझ्याकडं तोंड केलं, हात माझ्या हातावर टाकला आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

मी जागीच होते. ऊन खिडकीतून गादीवर आलं, गादीवरून भिंतीवर गेलं. ह्यांच्या हाताखालचा माझा हात मुंग्यांनी भरला, पण मी काढला नाही. चार वाजले तरी मला झोप लागली नाही.

बीपी घेतला नाही.